सोनगड: बडोद्याआधीची गायकवाडी राजधानी

उधना-लिंबायतहून खानदेशात गावी जाताना ‘उकाई सोनगड’ स्टेशन आपण कितीदा मागे टाकतो! सुरतेपासून जेमतेम ९० किलोमीटर. १७१९ च्या सुमारास पिलाजीराव गायकवाडांनी इथे ठाण मांडलं. १७३२ मध्ये डाकोरला दगाफटक्याने त्यांचा खून झाला. पुढे त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी गुजरातेत गायकवाडी पक्की केली. बडोद्याचा थाट सगळ्यांना ठाऊक, सोनगड मात्र उपेक्षितच.

सोनगडच्या किल्ल्याचा डोंगर बुटका आहे, आजी-आजोबाही रमतगमत चढतील. वरच्या पडक्या तटावर, दगडांच्या सांध्यांतून झाडं फुटलीत. तिथे पोरांना चढू देऊ नका. वरून उकाई धरणाचं पाणी मात्र जरूर दाखवा. इतिहास सांगणारा जाणकार सोबत असू द्या, नाहीतर मुलांना नुसते दगडच दिसतात. पावसाळा सरला की सकाळीच निघा, पाणी घरूनच न्या.