शरीरातील हाकाटी

गावावर दरोडा आला, म्हणजे वेशीवरचा पहारेकरी प्रथम हाकाटी करतो. त्या हाकाटीने गाव जागे होते, म्हणूनच त्याचा बचाव होतो. शरीराचेही असेच आहे. रोगजंतू आत शिरल्याची वर्दी काही सूक्ष्म द्रव्ये एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे नेतात. ही द्रव्ये म्हणजे शरीराचे दूतच होत.

असे दूत केवळ मनुष्यातच असतात असे नाही. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिमुकली फळमाशी तुम्ही पाहिली असेल. तिला पाठीचा कणा नसतो. परंतु दूत असतात. बुरशीने तिच्या शरीरात प्रवेश केला, की एक दूत-प्रथिन सिद्ध होते व पेशीच्या पृष्ठभागावरील ‘टोल’ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते. टोल हे नाव जर्मन भाषेतील एका आश्चर्योद्गारावरून पडले आहे. टोल ही वार्ता पेशीच्या आत पोहोचविते आणि पेशी बुरशीनाशक द्रव्ये निर्माण करू लागते. १९९६ साली फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे जूल हॉफमन व त्यांचे सहकारी यांनी टोल नसलेल्या माश्यांवर प्रयोग केले. त्या माश्यांच्या अंगावर बुरशी माजली आणि त्या मरून गेल्या. हाकाटी पोहोचलीच नव्हती!

१९९७ साली अमेरिकेत मेझितोव्ह व जेनवे या शास्त्रज्ञांना मनुष्याच्या पेशींतही टोलच्याच कुळातील प्रथिन आढळले. माशी आणि मनुष्य यांचे समान पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेले. एवढा काळ लोटूनही हे कुळ टिकून आहे. मात्र माशीतील टोल दूताकडून वार्ता घेते, तर मनुष्यातील त्याचे भाऊबंद रोगजंतूंचे अंश स्वतःच ओळखतात.

पृष्ठवंशीय प्राण्यांत पुढे नवे दूतही निर्माण झाले. १९५७ साली लंडन येथे आयझॅक्स व लिंडेनमान यांनी ‘इंटरफेरॉन’ शोधून काढले. विषाणूने ग्रासलेली पेशी ते बाहेर सोडते, आणि शेजारच्या पेशी सावध होतात. हा दूत मत्स्यांपासून मनुष्यापर्यंत आढळतो. कीटकांत आढळत नाही. दुसरे काही दूत मेंदूला वर्दी देतात, तेव्हा आपल्याला ताप चढतो.

तथापि हाकाटीलाही मर्यादा हवी. दूत अतोनात वाढले, तर शरीर स्वतःवरच घाव घालते आणि रोगी दगावू शकतो. म्हणून वेळेवर जागे होणे जितके आवश्यक, तितकेच संकट टळताच शांत होणेही आवश्यक असते.