काडतुसाचे माप आणि माणसाचे आरोग्य

वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार झालेले काडतूस देशाच्या कोणत्याही सीमेवर गेले, तरी ठरल्या मापाच्या बंदुकीत ते बसतेच. बंदूक चालविणारा जवान लडाखमध्ये उभा आहे की कच्छच्या रणात, हे निर्माणीतील कामगाराला ठाऊक असण्याचे कारण नसते. माप अचूक असले म्हणजे झाले. तापी खोऱ्यातल्या या केळी-कापसाच्या गावाला साठच्या दशकापासून हे शास्त्र अंगवळणी पडले आहे. आरोग्याच्या क्षेत्रात मात्र हा न्याय चालत नाही. आणि तरीही जगभर तोच चालविला जातो, ही खरी अडचण आहे.

आज अनेक विद्यापीठांतून डॉक्टर, परिचारिका व सार्वजनिक आरोग्याचे पदवीधर यांना आंतरराष्ट्रीय सल्लागाराचे कौशल्य शिकविले जाते. नेमून दिलेल्या कामाची कक्षा बारकाईने वाचणे, अंदाजपत्रक बांधणे, परक्या देशातील कार्यक्रमाची दोन-तीन आठवड्यांत पाहणी करणे, मंत्र्यांपुढे व अधिकाऱ्यांपुढे निष्कर्ष मांडणे आणि मुदतीत अहवाल देणे, असा तो साधारण अभ्यासक्रम असतो. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. चुकलेल्या अंदाजपत्रकाने चांगल्या योजनांचा बळी घेतल्याची उदाहरणे आपल्याकडेही थोडी नाहीत. आपल्या भागातील तरुण या वाटेने परदेशी जात असतील तर त्यात आनंदच आहे.

परंतु या सल्लागाराला मेहनताना बहुधा दिवसाच्या हिशेबाने मिळतो. म्हणजे शेवटी तोही रोजंदारीवरचाच माणूस; रोज मोठा, एवढाच फरक! रोज देणारी संस्था एका देशात, सल्ला घेणारे सरकार दुसऱ्या देशात आणि ज्याच्या अंगावर तो सल्ला आदळावयाचा तो मनुष्य तिसऱ्याच कुठल्या पाड्यावर. अहवाल पहिल्या दोघांकडे जातो. तिसऱ्याला त्यात काय लिहिले आहे याचा पत्ताही नसतो.

शिवाय प्रश्न भाषेचा आहे. सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर जाऊन पाहुण्या तज्ज्ञाने बाळंतिणीला विचारले, ‘बाळाला वरचे काही देता का?’ इंग्रजीतला हा प्रश्न मराठीत आणि मराठीतून पावरीत जातो. ती ‘नाही’ म्हणते, आणि प्रामाणिकपणे म्हणते. मात्र बाळाला घुटी चाटवलेली असते, पाणीही पाजलेले असते. तिच्या लेखी ते ‘वरचे’ नव्हेच. तक्त्यात ‘निव्वळ स्तनपान’ या रकान्यात एक आकडा वाढतो. असे पुष्कळ आकडे जमले की त्यांवर धोरण उभे राहते. ही चूक गणिताची नव्हे, म्हणून ती गणित शिकवून सुधारावयाची नाही.

या बाबतीत महाराष्ट्राला दुसऱ्याच्या दारी जाण्याची गरज नाही. वेल्लोर येथे शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे १९७० साली नगर जिल्ह्यातील जामखेडला आले. त्यांच्या गाठीशी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे शिक्षण होते. प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठविल्या. तो प्रयोग नीट रुजला नाही. लोकांना आधी पाणी आणि धान्य हवे होते, आणि परिचारिका त्यांना परकी वाटे. तेव्हा गावातल्याच बायकांना, त्यातही अनेक निरक्षर व दलित स्त्रियांना, शिकविण्याचा मार्ग त्यांनी धरला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या सहभागाने चालणाऱ्या आरोग्य कार्यक्रमांवर जे पुस्तक काढले, त्यात जामखेडची हकीकत आहे. आल्मा-आटाची प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा त्यानंतर तीन वर्षांनी, १९७८ साली झाली. पुढे देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला शिकण्यास येऊ लागले, आणि त्यांना शिकविणाऱ्यांत या खेडवळ बायाही होत्या. त्यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ यांनी १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत तज्ज्ञांना छतावरच्या झुंबरांची आणि स्वतःला हातातल्या लहान दिव्याची उपमा दिली होती. झुंबर देखणे, पण महाग आणि हाताला न लागणारे. लहान दिव्यावर मात्र दुसरा दिवा लावता येतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सल्लागाराच्या अभ्यासक्रमात याहून वेगळे काय शिकवावयाचे?

त्याही आधी, १९३८ साली, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. पथकातील काही सहकारी परतले. कोटणीस थांबले, चिनी भाषा शिकले, विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ साली ते तेथील बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि पुढच्याच वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. सगळ्यांनी एवढे करावे अशी अपेक्षा कोणी ठेवणार नाही. परंतु परक्या देशाची भाषा न शिकता त्या देशाला सल्ला देण्याची सवय आपण किती सहज स्वीकारली, हे त्यांच्या उदाहरणाने जाणवते.

खेदाची गोष्ट अशी की, खानदेशातील विद्यार्थ्याला जामखेडचे नाव पुष्कळदा परदेशी वर्गात गेल्यावर ऐकू येते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. धडगाव, यावल, चोपडा हे सातपुड्याचे तालुके त्यांच्या उंबरठ्याशी आहेत. आंतरराष्ट्रीय सल्लागार घडविणारा वर्ग येथेच का भरू नये? त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. विद्यार्थ्याने, मग तो केनियाचा असो की भुसावळचा, महिनाभर एका पाड्यावर राहावे. तेथील आशा कार्यकर्तीच्या मागोमाग हिंडावे. आपला अहवाल प्रथम ग्रामसभेत, लोकांना समजेल अशा बोलीत सांगावा आणि मगच तो कागदावर उतरवावा. एक वर्षाने त्याने पुन्हा येऊन, आपण सुचविलेल्यापैकी काय टिकले ते पाहावे. परदेशी सल्लागाराच्या वाट्याला हे दुसरे येणे क्वचितच येते, म्हणून प्रशिक्षणात तरी ते असावे.

गुण देण्याचा अर्धा अधिकार त्या आशा कार्यकर्तीकडे असावा आणि या कामाचा मोबदलाही तिला मिळावा. प्राध्यापकांना हे रुचणे कठीण आहे. अभ्यास मंडळांत यावर वाद होतील, ते व्हावेत. तिने नापास केलेल्या उमेदवाराने आणखी एक महिना त्याच पाड्यावर काढावा, एवढी तरतूद मात्र नियमात अवश्य असावी.