मायनसमधल्या पाण्यावर गळ

मे महिना. सकाळचे साडेसात, तरी ऊन मानेला चटका देतंय. पळसदेवपाशी सोलापूर हमरस्ता सोडला की उसाच्या कडेनं गाडीवाट उजनीच्या पाण्याकडं उतरते. पाणी मात्र लवकर भेटत नाही. आधी वेड्या बाभळी, मग भेगाळलेला गाळ, पायाखाली कचकचणारे शिंपले. मोटारींच्या केबली आणि पाइप पाण्याच्या मागोमाग पुढं सरकलेले. तेही पुरेना म्हणून कुठं कुठं चर खोदलेत.

काठावर गळवाल्यांची रांग. निम्मी सुट्टीला आलेली भाचरं. कुणी पुण्याचं, कुणी बारामतीचं. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा गोळा, तरंगायला थर्माकोलचा तुकडा. डब्यात ओल्या मातीत गांडुळं. मामा एक उचलतो, नखानं तोडतो आणि अर्धं काट्यावर मोज्यासारखं चढवतो. टोक दिसता कामा नये.

तंगूस सुटतं. थर्माकोल हिरवट पाण्यावर डुलतो. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं आणि इथं येऊन थांबतं, हिरवेपणा त्याचाच. वास येतो. काही वेळानं येईनासा होतो.

मग नुसतं बसणं. समोर पळसदेवच्या जुन्या हेमाडपंती देवळाचं शिखर पाण्याबाहेर आलंय. उघड्या खुंटावर पाणकावळा पंख वाळवतोय.

"मायनसमधी गेलंय धरण," शेजारचा म्हातारा तंबाखू मळत सांगतो. बांध लांब, माढा तालुक्यात. १९८० साली पुरं झालेलं हे धरण ११७ टीएमसीचं. त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. पातळी त्याखाली गेली की टक्केवारी उणे होते. आपण बसलोय तो गाळ पावसाळ्यात बुडतो. त्याआधी, धरण नव्हतं तेव्हा, इथं कुणाचं तरी रान होतं.

थर्माकोल थरथरतो.

"मामा, ओढू?"

"थांब की. गिळू दे त्येला."

थर्माकोल बुडतो. झटका. तळहाताएवढी चिलापी गाळात उडते. पोरगं झडप घालतं आणि ओरडतं; पाठीवरचे काटे बोटात शिरलेत. मामा डोक्याकडून मूठ सरकवत काटे दाबून धरतो, गळ सोडवतो. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणलेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळं वीण वाया जात नाही. उजनीत आता जाळ्यात बघावं तर हीच.

नऊ वाजतात. टोपीखालून घाम डोळ्यांत उतरतो. बादलीत चार चिलाप्या, आणि घरी जेवायला दहा माणसं. तेवढ्यात एक होडी काठाला लागते. मामा काठी पोराच्या हातात देतो आणि भाव करायला उठतो.