पोकळीत घडलेली रत्नं

नांदेडला गोदावरीच्या काठी रत्नांच्या नावाची दोन ठिकाणं आहेत, नगीना घाट आणि हिरा घाट. गुरू गोबिंदसिंगजी 1708 साली नांदेडला आले. शीख परंपरा सांगते, एका बंजारा भक्ताने त्यांच्यापुढे मौल्यवान नगीना ठेवला आणि गुरूंनी तो नदीत टाकून दिला. बादशहा बहादूरशहाने दिलेल्या हिऱ्याचंही तेच झालं. बादशहा मनातून दुखावला, तेव्हा गुरूंनी त्याला पाण्यात डोकावायला सांगितलं. तळाशी तसल्याच हिऱ्यांच्या राशी पडल्या होत्या!

ही कथा संपत्तीचा मोह सोडायला शिकवते, तिला भूशास्त्राच्या साक्षीची गरज नाही. तरीही ती ऐकून नदीच्या गोट्यांकडे नीट पाहणाऱ्याला एक आश्चर्य हाती लागतं. गोदावरीच्या तळाशी खरोखरच रत्नं आहेत. हिरे नव्हेत, अकीक. मधासारखे पिवळसर, राखाडी, क्वचित तांबूस असे हे गोटे ओले करून उन्हात धरले, की कडांमधून उजेड आरपार झिरपतो. शेजारच्या काळ्या दगडातून तो कधीच झिरपत नाही.

आणि अकीक जन्माला येतो तो नेमका त्याच काळ्या दगडाच्या पोटात.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना, जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. तो थरावर थर साचत गेला आणि थिजून त्याचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, झाला. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या बेसाल्टखाली आहे. लातूर जिल्ह्यात त्याची खोली मोजली गेली ती एका दुःखद घटनेनंतर. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला 617 मीटर खोल छिद्र घेतलं. बेसाल्ट 338 मीटरवर संपला आणि त्याखाली, गाळाच्या एका पातळ थराखाली, अब्जावधी वर्षांपूर्वीचा मूळ खडक लागला. नांदेडहून देगलूर-किनवटकडे निघालं, की हाच जुना खडक उघड्यावर येतो. काळा पाषाण मागे पडतो आणि ग्रॅनाइटच्या टेकड्या दिसू लागतात.

लाव्हा वर येतो तेव्हा त्यात वाफ आणि इतर वायू कोंडलेले असतात. दाब कमी होताच त्यांचे बुडबुडे होऊन ते वर सरकतात आणि लाव्हा थिजला, की तिथेच अडकतात. म्हणून लाव्हाच्या थराचा वरचा भाग अनारशासारखा जाळीदार असतो. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. या पोकळ्या कुठे मोहरीएवढ्या, तर कुठे माणसाची मूठ मावेल एवढ्या असतात.

खरी कलाकुसर त्यानंतर सुरू होते. खडकातून झिरपणारं पाणी, बरेचदा गरम, वाटेतली सिलिका विरघळवून घेतं आणि पोकळीत आणून सोडतं. सिलिका म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, अगदी सामान्य. पोकळीच्या भिंतीवर तिचे केसाहून कितीतरी बारीक तंतू उगवतात, आतल्या दिशेने वाढतात, आणि एकावर एक पापुद्रे चढतात. अकीक कापला, की हे पापुद्रे पट्ट्यांच्या रूपात दिसतात. बाहेरचा पट्टा सर्वांत जुना, मधला सर्वांत नवा. मध्यभागी जागा उरली, तर तिथे स्फटिकांचे टोकदार दात उगवतात. त्यात लोहाचा अंश असला आणि आजूबाजूच्या खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग त्यावर दीर्घकाळ होत राहिला, तर तेच स्फटिक जांभळे होतात. हा झाला जमुनिया. अकीकाचे पट्टे इतके रेखीव कसे पडतात, याबद्दल शास्त्रज्ञांचं अजूनही एकमत नाही. पायाखाली सापडणाऱ्या दगडात एवढं न सुटलेलं कोडं असावं, हे मला कोणत्याही मुकुटापेक्षा मोठं वाटतं.

पुढे बेसाल्ट झिजतो, अकीक झिजत नाही. काठिण्याच्या मोजपट्टीवर तो 7 च्या आसपास येतो, चाकूचं पोलाद त्याच्या खाली. म्हणून खडकाची माती होऊन काळी रानं तयार होतात आणि अकीकाचे गोटे नदीत उरतात. अश्मयुगातल्या माणसाने ते उचलले. त्याच कुळातल्या कॅल्सेडनीची इवली, धारदार पाती दख्खनच्या नदीकाठांवर आजही सापडतात. आधी हत्यार झालं, मग दागिना.

दागिन्याची गोष्ट आपल्याला तेरला घेऊन जाते. लातूरच्या पश्चिमेला, धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठी वसलेलं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगराहून कापड जायचं आणि पैठणहून पट्टेदार मौल्यवान दगड, तोही भरपूर, रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून. भडोचला तो जहाजात चढायचा आणि रोमन जगात त्याच्या अंगठ्या आणि मोहरा व्हायच्या. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तिथले दगडी मणी पाहताना त्यांच्या छिद्राकडे लक्ष द्या. एवढ्या कठीण दगडाला आरपार भोक पाडायचं, तर त्याहून कठीण काहीतरी हवं. गुजरातेतल्या खंबातचे कारागीर त्यासाठी सामत्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या बसवत आले आहेत. अकीक लाल करायची त्यांची रीतही जुनी आहे. दगड आधी उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या धगीत भाजायचा. उष्णतेने आतल्या लोह-संयुगातलं पाणी निघून जातं आणि पिवळट दगड तांबडा होतो.

मग हिरा आपल्याकडे का नाही? हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. तो घडतो साधारण दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली. त्याला वर आणणारे किंबरलाइट नावाच्या खडकाचे उद्रेक अतिशय वेगवान असतात. बेसाल्टचा रस त्याहून उथळ वितळतो, म्हणून त्यात हिरा मिळत नाही. महाराष्ट्रात हिऱ्यांसाठी नाव होतं ते गडचिरोलीतल्या वैरागडचं. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त तिथल्या खाणीचा उल्लेख आहे. तिथे जमिनीवर बेसाल्ट नाही, जुना खडक आहे.

पण दुर्मिळपणा हिऱ्यापाशी संपत नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत याच बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅव्हनसाइट मिळतं. गडद निळ्या सुयांचे ते गुच्छ स्टिलबाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेले असतात. हे खनिज 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पहिल्यांदा लक्षात आलं, पण जगभरचे संग्राहक उत्तम नमुन्यांसाठी वाघोलीचंच नाव घेतात. त्याचा निळा रंग व्हॅनेडियमचा. ते इतकं मऊ असतं, की अंगठीत टिकणार नाही. तरीही त्यासाठी लोक जीव टाकतात, कारण कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका नेमक्या प्रमाणात, नेमक्या पोकळीत एकत्र येण्याचा योग पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी जुळला.

दुर्मिळ रत्नाचं रहस्य मला इथे सापडतं. द्रव्य बहुधा साधंच असतं, दुर्मिळ असतो तो योग. रिकामी जागा, झिरपतं पाणी आणि कुणीही घाई न केलेला काळ, हे तिन्ही मराठवाड्याच्या खडकाला मिळाले.

आज विहिरी आणि रस्त्यांसाठी मांजऱ्या फुटतो आणि त्यातला चमकता ऐवज कुणी न पाहताच भरावात जातो. शाळांनी तो वेचायला हवा. ओळख सोपी आहे. पोलादी चाकूने ओरखडा उठला, तर ते कॅल्साइट किंवा झिओलाइटसारखं मऊ खनिज, उठला नाही आणि कडेतून उजेड आला, तर बहुधा अकीक. तुकड्यावर गाव, विहिरीची खोली आणि तारीख लिहून ठेवायची. वर्गातल्या एका कपाटात अशा खुणांचे पन्नास दगड जमले, तर मुलांना आपल्या तालुक्याचा 6 कोटी वर्षांचा इतिहास हाताळून वाचता येईल.