मेगापिक्सेलचा हिशेब

हबल दुर्बिणीचा विषय निघाला की हल्ली एक तक्रार हटकून ऐकू येते : खिशातल्या मोबाईलमध्ये दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा असताना अब्जावधी डॉलरांच्या त्या दुर्बिणीत अवघ्या सोळा मेगापिक्सेलचा संवेदक असावा, हा मागासलेपणा तरी असला पाहिजे किंवा फसवणूक तरी! सुशिक्षितांच्या तोंडूनही ही कैफियत इतक्यांदा येते, की तिचा एकदा निकाल लावणे प्राप्त आहे.

पिक्सेलांची संख्या हे संवेदकाच्या योग्यतेचे प्रमाण नव्हे. २००९ साली हबलवर बसविलेल्या ‘वाइड फील्ड कॅमेरा ३’च्या दृश्य व अतिनील विभागातील प्रत्येक पिक्सेलची बाजू, उपकरणाच्या अधिकृत पुस्तिकेनुसार, १५ मायक्रॉन आहे, दोनशे मेगापिक्सेलच्या मोबाईलमध्ये ती एका मायक्रॉनहूनही कमी असते, म्हणजे क्षेत्रफळाची तफावत दोनशे पटींहून अधिक. ज्या दूरस्थ दीर्घिकेकडून मोजकेच प्रकाशकण येतात, त्यांनी मुक्त केलेले इलेक्ट्रॉन वीस-वीस मिनिटे साठवून अखेरीस त्यांची मोजदाद करायची, हे या संवेदकाचे काम. आणि उष्णतेने आपोआप सुटणारे इलेक्ट्रॉन त्या मोजणीत घुसू नयेत, म्हणून त्याला उणे ८३ अंश सेल्सियसला ठेवावे लागते. शिवाय, प्रकाश तरंगरूप असल्यामुळे २.४ मीटर व्यासाच्या आरशाला ताऱ्याची प्रतिमा विशिष्ट मर्यादेपलीकडे बारीक करताच येत नाही. मग त्या ठिपक्याचे शंभर तुकडे केले, तरी नवा तपशील येणार कोठून?

मागासलेपणाचा आरोप तर उलटाच आहे. मोबाईलमधील सीमॉस संवेदकाची आजची घडण १९९०च्या दशकात एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, अंतराळयानांचे कॅमेरे लहान व्हावेत म्हणूनच, सिद्ध केली.

पिक्सेल वाढवायला हरकत काय, असे विचारणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की पिक्सेल वाढले की पृथ्वीवर धाडायची माहितीही वाढते, आणि दुरून ती धाडणे संथ असते : जुलै २०१५ मध्ये प्लूटोजवळून गेलेल्या ‘न्यू होरायझन्स’ यानाला त्या भेटीची सारी माहिती पृथ्वीवर धाडण्यास ऑक्टोबर २०१६ उजाडला.

अंतराळ मुळातच थंड असल्याने शीतयंत्र अनावश्यक, हाही भ्रमच. जेम्स वेब दुर्बिणीच्या ‘मिरी’ या उपकरणाला सूर्यकवचाच्या सावलीत असूनही ते लागते.

आणि अशा दुर्बिणींच्या चित्रांतले रंग मनचे भरलेले असतात म्हणावे, तर संवेदक केवळ उजेडाची मात्रा मोजतो, म्हणून निरनिराळ्या गाळण्यांतून घेतलेली स्वतंत्र चित्रे एकत्र केली जातात. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेली, ‘आदित्य-एल१’ यानावरील ‘सूट’ दुर्बीण तर सूर्याचा अतिनील प्रकाश अकरा गाळण्यांतून टिपते. त्या प्रकाशाला डोळ्यांना दिसणारा रंगच नसल्यामुळे कोणत्या चित्राला कोणता रंग द्यायचा हे संशोधक ठरवितात, आणि कोठे किती उजेड आहे हे संवेदकाने मोजलेले असते.