माल्टा : चांदीच्या ताटांचे आणि शेळीच्या दुधाचे बेट

युरोपच्या सहलीस निघणाऱ्या ज्येष्ठांच्या यादीत पॅरिस, रोम आणि स्वित्झर्लंड ही नावे ठरलेली असतात. माल्टाचे नाव त्यात क्वचितच आढळते. इटलीच्या पायथ्याशी सिसिली हे बेट आहे. त्याच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरवर, भूमध्य समुद्राच्या जवळजवळ मध्यभागी हा छोटासा देश वसला आहे. माल्टा, गोझो आणि कोमिनो या बेटांचे मिळून क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या जेमतेम निम्मे. नदी नाही, अरण्य नाही, डोंगर म्हणावा असा डोंगरही नाही. आहे तो मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड आणि त्यातूनच उभी राहिलेली घरे, तटबंद्या, देवालये. तरीही वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला या बेटाचे आकर्षण वाटते, कारण रुग्णसेवेच्या इतिहासातील एक उजळ प्रकरण आणि संसर्गाच्या इतिहासातील एक विलक्षण शोध, दोन्ही इथेच घडले.

माल्टी भाषा मुळात अरबी कुळातली. पुढे तिच्यात इटालियन शब्दांची भर पडली आणि ती रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली. फारसी-अरबीचे संस्कार झालेल्या मराठी कानांना तिच्यातले काही शब्द ओळखीचे वाटतात. पुस्तकाला तिथे ‘क्तीब’ म्हणतात, जगाला ‘दिन्या’ आणि वैद्याला ‘तबीब’. निरोप घेताना माल्टी माणूस ‘साहा’ म्हणतो. त्याचा अर्थ आरोग्य. आपण ‘येतो’ म्हणतो, ते ‘आरोग्य’ म्हणतात!

माल्टाचा इतिहास फार मागे जातो. गोझो बेटावरील जगांतिया येथील पाषाणमंदिरे इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून हजार वर्षांनी जुनी आहेत. राजधानी व्हॅलेटापासून जवळच हाल साफ्लिएनी येथे जमिनीच्या पोटात तीन मजले खोल कोरलेली दफनभूमी आहे. १९०२ साली घरांचे बांधकाम चालू असताना ती योगायोगाने सापडली. तिथे कुशीवर निजलेल्या एका स्थूल स्त्रीची तळहातात मावेल एवढी मृण्मूर्ती मिळाली. तिच्या झोपेतली शांतता पाहून निद्रानाशाने गांजलेल्या कोणालाही हेवा वाटावा. या दफनभूमीचे आणि नंतर तारशीन येथील मंदिरांचे उत्खनन ज्यांनी केले, ते थेमिस्टोकलीस झामित हे व्यवसायाने डॉक्टर होते. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

फिनिशियन, रोमन, अरब आणि नॉर्मन अशा सत्ता येऊन गेल्यावर १५३० साली सम्राट पाचव्या चार्ल्सने हे बेट संत जॉनच्या सरदारांना दिले. खंड म्हणून वर्षाला एक बहिरी ससाणा द्यावा, एवढीच अट होती. हा संघ मुळात जेरुसलेमला येणाऱ्या आजारी यात्रेकरूंच्या शुश्रूषेसाठी स्थापन झालेला. तलवार नंतर हाती आली. १५६५ साली ओटोमन सैन्याने घातलेला प्रचंड वेढा त्यांनी परतवला आणि पुढच्याच वर्षी महास्वामी जाँ द ला व्हॅलेट याने नव्या नगराची पायाभरणी केली. तेच आजचे व्हॅलेटा. तेथील संत जॉनच्या कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्जोने १६०८ साली रंगविलेले भव्य चित्र आहे; त्याने स्वाक्षरी केलेले हे एकमेव ज्ञात चित्र होय.

नगर उभे राहत असतानाच, १५७४ मध्ये, बंदराच्या काठावर रुग्णालयाचे बांधकाम सुरू झाले. त्याचे नाव ‘साक्रा इन्फर्मेरिया’, अर्थात पवित्र रुग्णालय. त्याचे मुख्य दालन पुढे वाढवत नेऊन सुमारे १५५ मीटर लांबीचे झाले. युरोपातील अनेक रुग्णालयांत एका खाटेवर दोन-तीन रोगी झोपविले जात, त्या काळी इथे प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र खाट होती. रुग्णांचा उल्लेख ‘आमचे स्वामी’ असा करण्याची संघाची परंपरा होती आणि उच्च कुळांतील सरदार आपल्या पाळीच्या दिवशी स्वतः त्यांना जेवण वाढीत. जेवण चांदीच्या ताटांत येई. १६७६ साली महास्वामी निकोलास कोतोनेर याने इथे शरीररचना व शल्यविद्येचे अध्यापनही सुरू केले. घरात अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची सेवा करणाऱ्या आपल्या वाचकांना ‘स्वामी’ या संबोधनाचे मोल सांगायला नको. (याच सरदारांची गलबते भूमध्य समुद्रात माणसे पकडून गुलाम करीत, हेही इतिहासात नोंदलेले आहे. एकाच हाताने रुग्णाला घास भरवायचा आणि दुसऱ्याला वल्ह्याशी साखळीने बांधायचे, ही विसंगती त्या काळाला खुपली नाही.)

चांदीच्या ताटांचे कौतुक मात्र थोडे जपून करावे. १७८६ साली इंग्लंडचे प्रसिद्ध तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड माल्टाला आले, तेव्हा त्यांना या रुग्णालयात अस्वच्छता, दुर्गंधी आणि मळक्या वेशातले बेपर्वा सेवक आढळले. महास्वामींच्या घोड्यांची व खेचरांची निगा रुग्णांपेक्षा चांगली राखली जाते, असे त्यांचे मत झाले. ताटे तेव्हाही चांदीचीच होती. पुढे १७९८ साली नेपोलियनने बेट घेतले आणि त्यातली पुष्कळशी चांदी वितळवली गेली. आज त्या वास्तूत परिषदा आणि कार्यक्रम होतात. ते लांबच लांब दालन मात्र पाहता येते.

१८०० साली इंग्रज आले आणि १९६४ च्या स्वातंत्र्यापर्यंत राहिले. त्यांच्या आरमाराचा हा मोठा तळ होता. १८७८ साली रशियाला धाक बसावा म्हणून सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी इथे आणले गेले. त्यांत मुंबई इलाख्यातील पलटणीही होत्या. या तळावरील इंग्रज सैनिकांना एका चिवट तापाने हैराण केले होते. ताप चढे, आठवडा-दोन आठवड्यांनी उतरे, आता बरे वाटते म्हणेतो पुन्हा चढे. रात्री अंगाला दरदरून घाम, सांधे आणि कंबर धरलेली. महिनोन्महिने माणूस अंथरुणावर. लोक त्याला ‘माल्टाचा ताप’ म्हणू लागले. खराब हवा, गटारांची घाण, डास असे सगळे संशयित झाले.

१८८७ साली लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी या तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू वेगळा काढला. पत्नी मेरी प्रयोगशाळेत त्यांच्या बरोबरीने काम करीत होती. त्या जंतूला आज आपण ब्रुसेला म्हणतो आणि रोगाला ब्रुसेलोसिस. जंतू सापडला, पण तो माणसात शिरतो कोठून, हे आणखी अठरा वर्षे कळले नाही. एक कोडे सतत समोर होते : साध्या शिपायांपेक्षा स्वच्छ, हवेशीर निवासात राहणाऱ्या अधिकाऱ्यांनाच हा ताप अधिक होई.

उत्तर दाराशी येऊन रोज दूध देत होते. माल्टात शेळ्यांचे कळप गल्लोगल्ली फिरत. गवळी गिऱ्हाईकाच्या उंबऱ्यावर, प्रसंगी जिने चढवून वरच्या मजल्यावर शेळी नेई आणि डोळ्यांदेखत धार काढून देई. पाणी घातल्याची शंकाच नको! अधिकारी दूध अधिक घेत, म्हणून आजारीही अधिक पडत. १९०५ साली ब्रिटिश चौकशी आयोगाच्या कामात झामित सहभागी होते. प्रयोगासाठी आणलेल्या शेळ्यांचे रक्त त्यांनी आधी तपासून पाहिले, आणि दिसायला धडधाकट असलेल्या त्या शेळ्यांच्या रक्तात रोगाच्या खुणा सापडल्या. मग दुधात जंतू सापडला. त्याच सुमारास माल्टाहून अमेरिकेकडे साठेक शेळ्या घेऊन निघालेल्या ‘जोशुआ निकल्सन’ नावाच्या जहाजावर खलाशांनी ते दूध पिऊन पाहिले आणि त्यांतले अनेक जण तापाने पडले. ठरवून करता आला नसता असा प्रयोग अनायासे झाला. १९०६ मध्ये सैनिकांच्या आहारातून शेळीचे कच्चे दूध वगळण्यात आले आणि शेकड्यांनी होणारे रुग्ण पुढच्याच वर्षी बोटांवर मोजण्याइतके उरले. नागरिकांचे मात्र तसे झाले नाही. डोळ्यांसमोर काढलेल्या दुधावरचा विश्वास सहजी सुटेना. दूध पाश्चराइज करण्याचे केंद्र १९३८ साली उभे राहिले.

हा सारा प्रपंच इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आपल्या घरात आहे. ‘धारोष्ण’ हा शब्द उच्चारताच आपल्याकडे जुन्या पिढीचे डोळे चमकतात. समोर काढलेले, कोमट, फेसाळ दूध म्हणजे अमृत, अशी श्रद्धा आहे. अलीकडे डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून शेळीचे कच्चे दूध शोधत हिंडणारे नातेवाईक मी दर पावसाळ्यात पाहतो. त्याने प्लेटलेट वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. त्या बहुतेक रुग्णांत आजाराच्या ओघाने आपोआप वाढतात, आणि श्रेय दुधाला मिळते. भेसळ नसणे आणि जंतू नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रुसेलोसिस आपल्या देशातील गायी-म्हशी-शेळ्यांमध्ये आजही आहे. केंद्र सरकारने २०१९ पासून कालवडी व पारड्यांच्या लसीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला तो त्यासाठीच. दूध उकळले की हा जंतू मरतो. आपल्या आज्या दूध उतू जाईस्तोवर तापवीत, ते योग्यच होते. खरवसही शिजवलेला असल्याने त्याची भीती नाही.

वृद्धांमध्ये हा रोग ओळखणे अवघड जाते. कंबर दुखते, ती वयामुळे असे समजले जाते. मंद ताप संध्याकाळी येतो, तो मोजलाच जात नाही. कण्याच्या मणक्यांना सूज आली तर चित्र क्षयरोगासारखे दिसते. गावी जाऊन आलेल्या, गोठ्याशी संबंध असलेल्या किंवा कच्चे दूध घेतलेल्या आजोबांना दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ ताप, घाम आणि पाठदुखी असेल, तर ही माहिती डॉक्टरांना आपणहून सांगावी. निदान रक्ततपासणीने होते. उपचार आहे, पण दोन प्रतिजैविके किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर ताप उलटतो.

आता पुन्हा बेटाकडे. गोझोवर ‘जबेयना’ नावाची शेळी-मेंढीच्या दुधाची चिमुकली चीज मिळते. ती चविष्ट असते आणि जरूर खावी, परंतु वेष्टनावर पाश्चराइज्ड असल्याची नोंद पाहूनच. १९९५ साली अशाच मऊ चीजमधून माल्टात हा ताप पुन्हा पसरला होता. टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह तेलात भिजलेला तिथला पाव मात्र निःशंकपणे खावा. शाकाहारी माणसाची त्यावर छान गुजराण होते; रक्तदाब असलेल्यांनी त्यातले खारवलेले ऑलिव्ह आणि केपर बेताने घ्यावेत.

जायचे तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टचे ऊन दगडावरून परतून अंगावर येते; लघवीची औषधे चालू असणाऱ्यांनी ते दिवस टाळावेतच. व्हॅलेटाचे कित्येक रस्ते म्हणजे निव्वळ पायऱ्या आहेत आणि झिजून गुळगुळीत झालेली चुनखडी पावसाच्या शिंतोड्यानेही निसरडी होते. रबरी तळव्याचे बूट आणि काठी जवळ असू द्यावी. बंदरापासून वरच्या बाराक्का बागेपर्यंत सुमारे ५८ मीटर उंच जाणारे उद्वाहन आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी ते अवश्य वापरावे. भर दुपारी बारा वाजता त्या बागेखालच्या सज्जातून तोफ डागली जाते. कानात श्रवणयंत्र असेल तर त्याचा आवाज आधीच कमी करून ठेवावा. इम्दिना ही जुनी राजधानी वाहनांच्या बाबतीत बरीच शांत आहे, सपाट आहे आणि संध्याकाळी फिरायला सुखाची आहे. हाल साफ्लिएनीला मात्र तासाला केवळ दहा जणांना प्रवेश मिळतो, त्यामुळे तिकीट कित्येक आठवडे आधी काढावे लागते. आत जिने अरुंद आहेत आणि उजेड अंधूक आहे. ज्यांना ते झेपणार नाही, त्यांनी व्हॅलेटातील पुरातत्त्व संग्रहालयात जावे. ती निजलेली स्त्री तिथे आहे, आणि तिच्या भेटीला पायऱ्या फार चढाव्या लागत नाहीत.