आभाळात हरवलेले सेनगाव

आमच्या सेनगावात कुणी विमान चालवतो म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला, 'पगार किती?' पगार नाही, उलट तासाला पैसे मोजावे लागतात, असे सांगितले की समोरचा माणूस माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो. खासगी वैमानिकाचा परवाना हा असाच हौसेचा मामला. वयाची 17 वर्षे पूर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान 40 तासांचे उड्डाण एवढे जमले की तो मिळतो. भारतातला पहिला परवाना जे. आर. डी. टाटा यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळाला. मला मिळाला तो बराच उशिरा आणि शहाणपण त्याहून उशिरा!

शिकत असतानाची गोष्ट. छोट्या विमानाच्या पंखाखाली एक नळी असते. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यात शिरतो आणि त्यावर वेगाचा काटा हलतो. नळीत किडे-माती जाऊ नये म्हणून तिच्यावर टोपण घालतात. त्याला बैलाच्या शिंगाच्या गोंड्यासारखी लांब तांबडी फीत असते. उड्डाणाआधी ते काढायचे, हे यादीत लिहिलेले होते. पण मला यादी तोंडपाठ होती ना! धावपट्टीवर विमान सुसाट निघाले आणि वेगाचा काटा मात्र शून्यावर. क्षणभर वाटले, काटाच बिघडला असेल, उडूया. सुदैवाने हात मागे आला, विमान थांबवले. परत आलो तेव्हा फीत ऐटीत फडकत होती. त्या दिवसापासून पाठ असलेली यादीही मी बोट ठेवून वाचतो.

दुसरी फजिती आपल्याच जिल्ह्यातली. नांदेडहून निघून सेनगाववर एक चक्कर मारायची असे ठरले. घरी आधी कळवले होते, त्यामुळे निम्मी गल्ली गच्चीवर जमलेली. माझा हिशेब सोपा होता. येलदरी धरणाचे पाणी दिसले की ईशान्येला वळायचे. पाणी दिसले, वळलो, गाव आले. मोठ्या दिमाखात पंख हलवून रामराम केला. तेवढ्यात खालून रेल्वे गेली! सेनगावला रेल्वे कुठली? मी उभा होतो हिंगोलीवर. जे पाणी दिसले ते येलदरीचे नव्हते, त्याच पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाचे होते. घड्याळ बघितले असते तर कळले असते की येलदरी यायला अजून वेळ आहे. आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन, हा नियम शिकवलेला होता. मी जमीन बघितली आणि नकाशा तिच्यावर बसवला.

आता खरी परीक्षा होती. गच्चीवर माणसे वाट बघताहेत, अजून थोडे शोधू, असे मन म्हणत होते. पण चकरा मारण्यात इंधन गेले होते. परतीचा प्रवास आणि वर राखीव अर्धा तास, एवढेच शिल्लक होते. विमानाला रस्त्याच्या कडेला थांबून पंपाची चौकशी करता येत नाही. रेडिओवर सरळ सांगितले, 'रस्ता चुकलो होतो, आता हिंगोलीवर आहे, परत येतोय.' बोलताना लाज वाटली, पण सुखरूप उतरलो.

1930 मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उड्डाण करण्याची आगाखान स्पर्धा होती. इंग्लंडहून निघालेले अस्पी इंजिनीअर इजिप्तमध्ये स्पार्क प्लगअभावी अडकले. उलट दिशेने आलेले प्रतिस्पर्धी जे. आर. डी. तिथे उतरले. इंजिनीअर यांनी अडचण सांगितली, टाटांनी आपल्याकडचे प्लग दिले आणि स्पर्धा इंजिनीअर यांनी जिंकली. पुढे ते भारताचे हवाईदल प्रमुख झाले. अडचण वेळेवर सांगितली, म्हणून पुढचे सगळे घडले.

संध्याकाळी घरी फोन केला. वडील म्हणाले, "आमच्या आभाळात तर एक घार दिसली. तूच होतास का रं?"

चूक झाल्याचे सांगितले, तेव्हा ते हसले. मग हळूच म्हणाले, "गाव कुठं पळून चाललंय? माघारी फिरलास, ते बरं केलंस."